खिशातला प्लेअर एप्रिलमध्ये चटका बसेल इतका तापतो: क्लास ए ठेवावा की सोडावा?

कानसेन_कोथरूड (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गेल्या डिसेंबरात, सवाई गंधर्व महोत्सव नुकताच आटोपला असताना, मी एक वापरलेला पण सुस्थितीतला म्युझिक प्लेअर विकत घेतला. ॲल्युमिनिअमची बॉडी, आत अँड्रॉइड, ३.५ मिमीचे साधे आणि ४.४ मिमीचे बॅलन्स्ड (प्रत्येक कानासाठी दोन-दोन ॲम्प्लिफायर वापरणारे) अशी दोन आउटपुट, ५००० एमएएचची बॅटरी, आणि सेटिंगमध्ये ॲम्प्लिफायर चालवण्याचे क्लास ए व क्लास एबी असे दोन पर्याय. पहाटे वेताळ टेकडीवर जाताना तो जॅकेटच्या खिशात ऊबदार लागायचा आणि खरे सांगायचे तर ती ऊब मला आवडायची. आता एप्रिल उजाडला आहे. कोथरूडहून हिंजवडीपर्यंतच्या सव्वा तासाच्या बसप्रवासात विलंबित संपून द्रुत सुरू होईपर्यंत प्लेअर इतका तापतो, की शर्टाच्या खिशातून काढून मांडीवरच्या पिशवीवर ठेवावा लागतो.

बसमध्ये मी १६ ओहमचे, १०५ डेसिबल प्रति मिलिवॉट संवेदनशीलतेचे इअरफोन बॅलन्स्ड केबलने वापरतो. घरी रात्री ३०० ओहमचे ओपन-बॅक हेडफोन असतात. क्लास एमध्ये एका चार्जवर जेमतेम सहा तास मिळतात, एबीमध्ये नऊ. एबीवर कायमचे जावे तर मन होत नाही, कारण क्लास एमध्ये तानपुऱ्याची जवारी (तारांचा झणकार) अधिक उलगडते असे मला वाटते. मात्र या वाटण्यात कानाचा भाग किती आणि खर्च केलेल्या पैशांचा किती, हे मला स्वतःला ठरवता येत नाही.

दुरुस्ती केंद्रात दाखवला असता त्यांनी प्लेअर दोन दिवस ठेवून घेतला, ‘सगळेच असे तापतात’ असे सांगितले आणि तपासणीचे पैसे घेतले. माझ्या आधीच्या प्लेअरची बॅटरी फुगून स्क्रीन वर उचलली गेली होती, म्हणून धास्ती जास्त आहे. इतकी उष्णता साहजिक मानावी का, आवाज कमी ठेवल्याने ती कमी होते का, आणि ऐकण्याची गोडी न घालवता ती कशी उतरवावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

तांब्याची_तार

तुम्ही बॅटरीचे तास दिलेत, त्यामुळे निम्मे उत्तर तुमच्या प्रश्नातच आले आहे. ५००० एमएएच आणि सरासरी ३.८५ व्होल्ट म्हणजे सुमारे १९ वॉट-तास ऊर्जा झाली. ती सहा तासांत संपत असेल तर प्लेअर सरासरी ३.२ वॉट खातो आणि नऊ तासांत संपत असेल तर २.१ वॉट. हेडफोनपर्यंत पोहोचणारा वाटा इतका नगण्य असतो, की हिशेबापुरती सगळी ऊर्जा प्लेअरच्या आतच उष्णता होऊन उरते असे धरायला हरकत नाही. खोक्यावर छापलेला बॅटरीच्या तासांचा आकडा हा खरे तर तापण्याचाही आकडा असतो, पण घेताना त्याकडे त्या नजरेने कोणी पाहत नाही.

आता ही उष्णता बाहेर कशी पडते ते पाहू. प्लेअरची मापे साधारण १२५ × ७५ × १८ मिमी धरली तर त्याचा सर्व बाजूंचा पृष्ठभाग सुमारे ०.०२६ चौरस मीटर भरतो. पंखा नसलेल्या, उघड्या ठेवलेल्या वस्तूकडून हवेचे अभिसरण आणि प्रारण मिळून दर चौरस मीटरमागे, दर अंश फरकाला, ढोबळमानाने १० वॉट बाहेर जातात. म्हणजे ३.२ वॉट बाहेर टाकायचे तर बॉडीला भोवतालच्या हवेपेक्षा १२ अंशांनी गरम व्हावेच लागते, आणि २.१ वॉटसाठी ८ अंशांनी. पहाटेच्या टेकडीवर हवा १२ अंश असताना हाच प्लेअर २४ अंशांवर थांबतो. एप्रिलच्या दुपारी हवा ३८ अंशांवर असताना तो ५० गाठतो. प्लेअर बिघडलेला नाही, ऋतू बदलला आहे. त्यातून तो खिशात किंवा चामड्याच्या कव्हरात गेला, की उष्णतेची निम्मी वाट बंद होते आणि भोवतालापेक्षा होणारी वाढ जवळपास दुप्पट होते. तुमचा सव्वा तास ही वेळही बरोबर जुळते, कारण एवढ्या वजनाची धातूची वस्तू उघड्यावर साधारण वीस मिनिटांत दोन-तृतीयांश तापते, खिशात त्याच्या दुप्पट वेळ घेते आणि तास उलटल्यावर शिखरापाशी पोहोचते.

किती तापमान चालेल याला एक आधार आहे. आयईसी ६२३६८-१ या सुरक्षा-मानकात, एका मिनिटाहून जास्त काळ हाताशी राहणाऱ्या पृष्ठभागासाठी ४८ अंशांची मर्यादा धरलेली आहे. धातू त्याच्या बराच आधीपासून हाताला नकोसा वाटू लागतो, त्यामुळे तुमची तक्रार लाडावलेल्या ग्राहकाची अजिबात नाही.

आवाज कमी केल्याने काय होते, हा तुमच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि त्याचे उत्तर बहुतेकांना उलटे वाटते. क्लास एमध्ये आउटपुटच्या ट्रान्झिस्टरमधून संगीत असो वा नसो, ठरावीक प्रवाह सतत वाहत ठेवलेला असतो. पुरवठा अधिक-उणे ६ व्होल्ट म्हणजे एकूण १२ व्होल्ट आणि स्थिर प्रवाह ३० मिलिअँपिअर धरला, तर एका ॲम्प्लिफायरमागे ०.३६ वॉट जातात. बॅलन्स्ड जोडणीत असे चार ॲम्प्लिफायर चालतात, म्हणजे गाणे थांबवून ठेवले तरी १.४४ वॉट. हाच स्थिर प्रवाह एबीमध्ये ५ मिलिअँपिअर ठेवला तर चौघांचे मिळून ०.२४ वॉट होतात. फरक १.२ वॉट, आणि तुमच्या दोन आकड्यांतला फरक १.१ वॉट, मी उदाहरणादाखल घेतलेले प्रवाह तुमच्या प्लेअरमधल्या प्रवाहांपासून फार दूर नसावेत असे दिसते. किंबहुना क्लास ए शांततेत सर्वांत जास्त तापतो, कारण आवाज निघू लागला की त्या ऊर्जेतला थोडा भाग तरी हेडफोनकडे जातो. तेव्हा आवाज खाली आणून कानाचे भले होईल, खिशाचे होणार नाही.

आता जवारीकडे वळतो. पुश-पुल, म्हणजे एक ट्रान्झिस्टर ढकलतो व दुसरा ओढतो अशा, रचनेचा एबी ॲम्प्लिफायर स्थिर प्रवाहाच्या साधारण दुपटीपर्यंत क्लास एमध्येच चालतो. त्यापुढे गेल्यावर एक बाजू बंद होते आणि क्रॉसओव्हरची विकृती, म्हणजे काम एका बाजूकडून दुसरीकडे जाताना आवाजात येणारा दोष, संभवते. म्हणजे ५ मिलिअँपिअरच्या एबीमध्ये शिखराचा प्रवाह १० मिलिअँपिअरच्या आत असेपर्यंत तुम्ही क्लास एच ऐकत असता. तुमच्या इअरफोनला ८५ डेसिबलसाठी मिलिवॉटचा शंभरावा भाग लागतो, म्हणजे ०.८ मिलिअँपिअर (हा सरासरी आकडा; लहरीच्या टोकाला तो १.४ पट असतो). त्यावर २० डेसिबलची शिखरे आली तरी ती ११ मिलिअँपिअरच्या आसपास थांबतात, आणि इतकी शिखरे ख्यालाच्या ध्वनिमुद्रणात क्वचितच येतात. तुमचे ३०० ओहमचे हेडफोन ९७ डेसिबल प्रति मिलिवॉटचे धरले, तर ११० डेसिबलच्या कानठळ्या बसवणाऱ्या शिखरालाही २० मिलिवॉट पुरतात; त्याला व्होल्टेज २.४५ लागते, पण प्रवाह ८ मिलिअँपिअर, शिखराला साडेअकरा. दोन्ही वस्तूंना जे हवे ते एबी जवळजवळ पूर्णपणे देतो. बसमध्ये क्लास ए लावून तुम्ही न वापरलेल्या प्रवाहाची ऊब खिशात वाहून नेत आहात.

आणखी एक. इतक्या संवेदनशील इअरफोनला बॅलन्स्ड आउटपुटची गरज नाही. त्यात व्होल्टेज दुप्पट मिळते, पण ॲम्प्लिफायरही दुप्पट चालतात आणि आउटपुट इम्पीडन्सही (आउटपुटचा अंतर्गत रोध) दुप्पट होतो. ३.५ मिमीचे आउटपुट वापरून पाहा. पुष्कळ प्लेअरमध्ये तेव्हा उरलेले दोन ॲम्प्लिफायर झोपतात. गेन, म्हणजे आवाज किती पट वाढवायचा ते सेटिंग, तेही लो ठेवा, कारण काही प्लेअरमध्ये हाय गेन निवडला की आतले पुरवठ्याचे व्होल्टेजही वाढते आणि तोच स्थिर प्रवाह अधिक उष्णता देऊ लागतो.

मारवा_सायंकाळी

वरचा हिशेब मान्य आहे, पण त्यावरून क्लास ए म्हणजे नुसती उधळपट्टी असा समज होऊ नये. माझ्याकडे ५० ओहमचे, ८४ डेसिबल प्रति मिलिवॉट संवेदनशीलतेचे प्लॅनर (सपाट पातळ पडद्याचे) हेडफोन आहेत. त्यांना १०५ डेसिबलच्या शिखरासाठी १२६ मिलिवॉट लागतात, म्हणजे ५० मिलिअँपिअर आणि शिखराला ७१. तिथे ५ मिलिअँपिअरचा एबी फार लवकर आपली हद्द ओलांडतो आणि ३० मिलिअँपिअरचा क्लास ए साठपर्यंत साथ देतो. ज्याच्याकडे असे हेडफोन आहेत त्याने उष्णता सोसावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मी घरी प्लेअर जाळीच्या स्टँडवर उभा ठेवतो आणि दहा-पंधरा मिनिटे तापू देतो. तापल्यावर आवाज खुलतो, असा माझा अनुभव आहे.

प्रश्नकर्त्यांना एकच सुचवतो. दोन मोडांच्या पातळीत अर्ध्या डेसिबलइतका फरक असला तरी मोठा वाजणारा मोड ‘उलगडलेला’ वाटतो. घरातल्या कोणाला तरी तुमच्या नकळत मोड बदलायला सांगा, आधी आवाजाची पातळी मिलिव्होल्टमीटरवर जुळवून घ्या, आणि दहा-बारा वेळा ओळखून पाहा. पत्नीने मोड बदलायचे आणि मी ओळखायचे, या खेळात मी प्लॅनरवर बऱ्यापैकी तरलो आणि इअरफोनवर सपशेल आपटलो.

बिटमोजणी

दोघांनीही ॲम्प्लिफायरपुरतेच बोलणे केले आहे. एबीमध्ये उरणारे २.१ वॉट कुठे जातात, हे कोणी विचारले नाही. वरच्या हिशेबाप्रमाणे ॲम्प्लिफायर त्यातले पाव वॉटच खातात. बाकीचे अँड्रॉइड, प्रोसेसर, स्क्रीन, वाय-फाय, डॅक (डिजिटल आकड्यांपासून आवाजाचा विद्युत-संकेत बनवणारी चिप) आणि व्होल्टेज बदलणारी सर्किटे यांचे आहे, आणि त्यातला बराच भाग आवाजाला धक्का न लावता कमी करता येतो.

नुसते फ्लॅक (दर्जा न घटवता आकुंचित केलेली गाण्याची फाइल) उलगडणे हे आजच्या प्रोसेसरसाठी हातचा मळ आहे. सीडीच्या दर्जाचा प्रवाह १४११ किलोबिट प्रतिसेकंद असतो आणि २४ बिट, १९२ किलोहर्ट्झचा ९२१६. साडेसहापट माहिती असली तरी तिचे ओझे माफकच. प्रोसेसर खरा दमतो तो डीएसडीचे पीसीएममध्ये (ध्वनी साठवण्याच्या या दोन डिजिटल पद्धती) रूपांतर करताना, सगळे संगीत वरच्या सॅम्पलिंगला (सेकंदाला जास्त नमुन्यांच्या दराला) चढवताना आणि लांबलचक फिल्टरचा इक्वलायझर चालवताना. डॅक थेट डीएसडी घेत असेल तर रूपांतर बंद करा. सीडीवरून उतरवलेल्या जुन्या मैफिलींना वरच्या दराला चढवून त्यात नवे काही येत नाही; प्लेअर मात्र तापतो.

बसमधले स्ट्रीमिंग हा दुसरा चोर. फोनच्या हॉटस्पॉटवर चालणारे वाय-फाय सतत जागे राहते आणि ॲप पार्श्वभूमीवर पुढची गाणी, चित्रे, शिफारसी ओढत बसते. रात्री घरी डाउनलोड करून घ्या आणि प्रवासात विमान मोड लावा. नवे मेमरी कार्ड घातल्यावर प्लेअर पहिल्या अर्ध्या तासात विनाकारण तापलेला वाटला, तर बहुधा तो गाण्यांची यादी बनवत असतो. ते काम बाहेर पडण्यापूर्वी उरकून घ्यावे. २००१ सालच्या पहिल्या आयपॉडमध्ये ५ गिगाबाइटची फिरती हार्ड डिस्क होती आणि ३२ मेगाबाइटची स्मृती. गाणी त्या स्मृतीत भरून डिस्क थांबवून ठेवायची, म्हणजे बॅटरीही टिकते आणि फिरणेही थांबते, अशी ती योजना होती. काम एकदम उरकून झोपी जाणे ही कला तेव्हापासूनची आहे. अँड्रॉइड ॲपांच्या गर्दीत ती विसरली गेली आहे.

मारवा_सायंकाळी यांच्या तापल्यावर खुलणाऱ्या आवाजाबद्दल नम्र मतभेद नोंदवतो. सुरू केल्यावर स्थिर प्रवाह जागेवर बसायला काही मिनिटे लागतात, एवढे खरे. प्लेअरच्या आतल्या घड्याळाला ठेका देणाऱ्या क्रिस्टलची वारंवारिता तापमानाने बदलते, पण ती दशलक्षात वीस भागांनी सरकली असे मानले तरी तासाभराच्या मैफिलीत ०.०७ सेकंदाचा फरक पडेल. स्वर काही हलणार नाही. पंधरा मिनिटांत खुलतो तो बहुधा ऐकणारा.

मारवा_सायंकाळी

तसे असेल तर तेही मला चालेल. पंधरा मिनिटे आधी बसण्याची सवय त्यामुळे लागली आहे.

कानसेन_कोथरूड

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी मल्टिमीटरचा तापमान मोजणारा प्रोब प्लेअरच्या पाठीला चिकटपट्टीने लावून दुपारभर बसलो. खोलीत ३४ अंश होते, पंखा बंद ठेवला होता, आणि प्रत्येक वेळी दीड तास थांबून आकडा घेतला. क्लास ए, बॅलन्स्ड, कव्हर काढलेले: ४५. तेच चामड्याच्या कव्हरात: ५२. एबी, बॅलन्स्ड, कव्हराविना: ४२. एबी, ३.५ मिमी, लो गेन, विमान मोड आणि स्क्रीन बंद: ३९. म्हणजे खिशात मी जे नेत होतो त्यापेक्षा तेरा अंश कमी, आणि त्यातले सात एकट्या कव्हराचे! ते कव्हर मी लक्ष्मी रोडवरून हौसेने शिवून आणले होते.

मोड ओळखण्याच्या खेळात बहिणीने बारा वेळा बटण बदलले. इअरफोनवर मी सहा वेळा बरोबर आलो, म्हणजे नाणे उडवले असते तरी तेच झाले असते. ३०० ओहमच्या हेडफोनवर सात. जवारीबद्दलचे माझे विधान मी तूर्त मागे घेतो; रात्री घरी मात्र क्लास ए सुरूच ठेवणार आहे, कारण तिथे तो टेबलावर असतो आणि माझे तेवढे समाधान कोणाच्या खिशाला भाजत नाही.

एक शंका उरते. रात्री ऐकताना मी तो चार्जरलाच लावून ठेवतो. फुगलेली जुनी बॅटरी आठवली की ते योग्य वाटत नाही. आणि कव्हर पुन्हा अजिबात घालू नये का? खिशात किल्ल्याही असतात.

तांब्याची_तार

मोजमाप व्यवस्थित घेतलेत, आणि उघड्यावरचे आकडे हिशेबापासून फार लांब नाहीत याचा आनंद झाला.

चार्जर लावून क्लास ए ऐकणे ही तुमच्या यादीतली सर्वांत वाईट सवय आहे आणि ती तुम्ही शेवटी सांगितलीत. चार्जिंग १० वॉटने होत असेल तर चार्जिंगच्या सर्किटमध्ये आणि बॅटरीच्या अंतर्गत रोधात मिळून एखादा वॉट सहज उष्णता होतो. तो तुमच्या ३.२ वॉटमध्ये मिळवा. लिथियम-आयन बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये हा सर्वसाधारण संकेत आहे आणि तुमच्या प्लेअरची पाठ चार्जर न लावताच तिथे पोहोचली आहे. आतली बॅटरी पाठीहून थोडी गरमच असणार. बॅटरीला जुनी करणाऱ्या गोष्टींत जास्त तापमान आणि पूर्ण भरलेली स्थिती या दोन्ही येतात, आणि रात्रभर चार्जरवर तापत राहणारा प्लेअर तिला दोन्ही एकदम देतो. तुमच्या आधीच्या प्लेअरचे तसेच झाले असावे, असा माझा तर्क आहे. संध्याकाळी घरी आल्यावर तो बंद करून चार्ज करा, ८०-८५ टक्क्यांवर काढा आणि मग ऐकायला बसा. चार्जिंगची मर्यादा ठरवण्याची सोय सेटिंगमध्ये असेल तर ती जरूर वापरा. काही मोठ्या प्लेअरांत बॅटरीला वळसा घालून थेट बाहेरच्या पुरवठ्यावर चालण्याची वेगळी सोय असते. तुमच्यात ती असती तर तुम्ही ती आधीच लिहिली असती.

कव्हराबद्दल सांगायचे तर किल्ल्यांसाठी दुसरा खिसा ठेवणे सर्वांत स्वस्त. घालायचेच असेल तर त्याच चामड्याच्या कव्हराला पाठीमागून मोठी खिडकी कापून घ्या आणि शर्टाच्या खिशात ती बाजू शरीराकडे न ठेवता बाहेर ठेवा. चपला शिवणारा कोणताही कारागीर ते पाच मिनिटांत करून देईल. प्लेअर मात्र त्याच्याकडे नेऊ नका, कागदावर माप काढून न्या.